मिसेस हॅरिसची साक्ष : परिचारिकेची प्रतिमा आणि तिचा अधिकार

इंग्रजी कथात्म साहित्यातील सर्वांत गाजलेली परिचारिका दारू पिणारी, बेपर्वा आणि बोलभांड आहे. चार्ल्स डिकन्स यांची ‘मार्टिन चझलविट’ ही कादंबरी जानेवारी १८४३ ते जुलै १८४४ या काळात मासिक भागांतून प्रसिद्ध झाली. तिच्यातील सेरी गॅम्प हे पात्र नायकापेक्षा दीर्घायुषी ठरले. तिच्या अवजड छत्रीमुळे ‘गॅम्प’ हा शब्दच इंग्रजी बोलीत छत्रीचा वाचक बनला. सेरी बाळंतपणे करते, रोग्याच्या उशाशी रात्र काढते, प्रेताची अखेरची आवराआवरही करते; आणि रोग्याच्या डोक्याखालची उशी काढून ती खुशाल आपल्या खुर्चीत घेते. परिचर्येच्या इतिहासाची पाठ्यपुस्तके तिला अंधारयुगाची प्रतिनिधी मानतात आणि लगेच फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा दिवा लावून मोकळी होतात. या मांडणीत अंधार कादंबरीतून उचललेला आहे आणि प्रकाश कवितेतून, ही गोष्ट मात्र नजरेआड होते. एखाद्या व्यवसायाचा इतिहास इतक्या सहजपणे साहित्याच्या हाती सोपवला जातो, तेव्हा साहित्याच्या अभ्यासकाने त्यात लक्ष घालणे भाग आहे.

सेरीच्या बोलण्यात मिसेस हॅरिस नावाची एक स्नेहीण पदोपदी येते. ती सेरीच्या कौशल्याची, सचोटीची, माफक मोबदल्याची तोंड भरून स्तुती करते. म्हणजे ती करते असे सेरी सांगते. प्रत्यक्षात मिसेस हॅरिस कोणीही पाहिलेली नाही. एकोणपन्नासाव्या प्रकरणात बेट्सी प्रिग ही सहकारीण अशी कोणी बाई मुळात असल्याचेच नाकारते आणि दोघींचे सख्य तेथेच संपते. समीक्षेने या प्रसंगाकडे बहुधा विनोदनिर्मितीचा नमुना म्हणून पाहिले आहे, आणि विनोद म्हणून तो अव्वल आहेच. पण सेरीला मिसेस हॅरिसची गरज का पडावी? तिच्यापाशी प्रमाणपत्र नाही, कारण ते देणारी संस्थाच नाही. परीक्षा नाही, नोंदपुस्तक नाही. कादंबरीत तिची शिफारस करतो तो अंत्यविधीचा धंदा करणारा गृहस्थ. परक्याच्या घरी रात्रभर राहून परक्याचे शरीर हाताळणाऱ्या स्त्रीवर कोणी आणि कशाच्या आधाराने विश्वास ठेवायचा, हा तिच्या उपजीविकेचा प्रश्न आहे. तो ती भाषेच्या बळावर सोडवते. मिसेस हॅरिस हे सेरीने स्वतःला बहाल केलेले प्रशस्तिपत्र होय. बेट्सीचा अविश्वास तिला इतका झोंबतो तो यामुळेच. मैत्रीण खोटी ठरल्याचे दुःख त्यात थोडे. धंद्याचा एकमेव दाखला फाडला गेल्याचा संताप अधिक.

परिचारिकेच्या वतीने साक्ष कोणी द्यायची, हा प्रश्न पुढची पावणेदोनशे वर्षे या व्यवसायाच्या पाठीशी लागलेला दिसतो. त्याची उत्तरे बदलली, साक्षीदार बदलले. परंतु तिच्या ज्ञानाने स्वतःची साक्ष स्वतः द्यावी, हे उत्तर फार उशिरा आणि अपुरे आले, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

सेरीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. इतिहासकार अ‍ॅन समर्स यांनी १९८९ मध्ये एका लेखात घरोघरी जाऊन काम करणाऱ्या या परिचारिकांच्या बदनामीची चिकित्सा केली. या स्त्रिया स्वतंत्रपणे मिळवत्या होत्या, डॉक्टरांच्या आज्ञेबाहेर होत्या, कित्येकदा त्यांच्या प्रतिस्पर्धीही होत्या. सुधारकांना आणि डॉक्टरांना हवी होती ती शिस्तीत वावरणारी साहाय्यक. हा दृष्टिकोन पत्करला तर सेरीचा खरा अपराध मद्यपान नसून स्वातंत्र्य ठरतो. डिकन्स यांचा हेतू अर्थातच असा नव्हता. १८४९च्या प्रस्तावनेत त्यांनी सेरीला गरिबांच्या वाट्याला येणाऱ्या भाडोत्री परिचारिकेचा आणि बेट्सीला रुग्णालयीन परिचारिकेचा नमुना ठरवले. व्यंगचित्राला दस्तऐवजाचा दर्जा लेखकानेच दिल्यावर वाचकांनी तो का नाकारावा?

नाइटिंगेल ४ नोव्हेंबर १८५४ रोजी ३८ परिचारिकांसह स्कुटारीला पोहोचल्या. त्या ३८ जणींत कॅथलिक जोगिणी होत्या, अँग्लिकन भगिनीसंघांतील स्त्रिया होत्या आणि १४ पगारी रुग्णालयीन परिचारिकाही होत्या. म्हणजे बेट्सी प्रिगच्याच वर्गातल्या. दंतकथेने या चौदा जणींना पुसून टाकले. फेब्रुवारी १८५५ मध्ये ‘टाइम्स’च्या वृत्तात रात्री हातात लहानसा दिवा घेऊन रुग्णांमधून एकटीच फिरणारी देवदूतासारखी स्त्री अवतरली, १८५७ मध्ये लाँगफेलो यांनी तिच्यावर कविता लिहिली. चित्रकारांनी त्या हाती ग्रीक वळणाचा, चोचीचा दिवा दिला. प्रत्यक्षात स्कुटारीत वापरात होता तो घड्याघड्यांचा, आत मेणबत्ती लावण्याचा तुर्की फानूस. लंडनच्या नाइटिंगेल संग्रहालयात तो पाहावयास मिळतो. अल्लाउद्दीनच्या गोष्टीला शोभणारा दिवा मात्र जगभरच्या परिचर्या विद्यालयांच्या बोधचिन्हांवर जाऊन बसला.

दिव्याचा आकार चुकला, हा तपशील क्षुल्लक मानता येईल. दिव्याने काय झाकले, हे क्षुल्लक नाही. फेब्रुवारी १८५५ मध्ये स्कुटारीच्या रुग्णालयातील मृत्यूचे प्रमाण सुमारे ४२ टक्क्यांवर गेले होते. म्हणजे नाइटिंगेल यांच्या आगमनानंतर तीन महिन्यांनी. मार्चमध्ये लंडनहून स्वच्छता आयोग आला, त्याने तुंबलेली गटारे उपसली, पाणी आणि हवा यांची व्यवस्था लावली, तेव्हा ते प्रमाण झपाट्याने उतरले. युद्धानंतर विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाच्या साहाय्याने आकडे तपासताना नाइटिंगेल यांना हे उमगले आणि १८५८ मध्ये त्यांनी आपले प्रसिद्ध वर्तुळाकार आलेख छापले. जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनीच अधिक सैनिक मेले, हे त्या आलेखांत एका दृष्टिक्षेपात दिसते. त्याच वर्षी संख्याशास्त्रीय संस्थेने त्यांना सदस्यत्व दिले. तो मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. पण लोकमानसाने दिवा ठेवला आणि आलेख सोडले. आलेखावर कोण कविता लिहिणार?

याच युद्धात मेरी सीकोल या जमैकन स्त्रीने सरकारी परिचारिका म्हणून जाण्याची परवानगी मागितली होती. ती नाकारली गेल्यावर ती स्वखर्चाने बालाक्लाव्हाजवळ पोहोचली आणि १८५७ मध्ये तिने आत्मवृत्त प्रसिद्ध केले. आपली साक्ष तिने आपणच दिली. लंडनमध्ये तिचा पुतळा उभा राहिला तो २०१६ मध्ये, नाइटिंगेल यांच्या विद्यालयाचे माहेरघर असलेल्या सेंट टॉमस रुग्णालयाच्या आवारात.

त्या विद्यालयाची स्थापना १८६० मधली. येथून प्रशिक्षित परिचारिकेचे युग सुरू होते, हे मान्यच आहे. मात्र राज्यमान्य नोंदपुस्तकाची मागणी पुढे आली तेव्हा तिला सर्वांत वजनदार विरोध झाला तो खुद्द नाइटिंगेल यांचा. परीक्षेने शील मोजता येत नाही आणि परिचारिका घडते ती शीलाने, ही त्यांची धारणा. मागणी करणाऱ्या एथेल बेडफर्ड फेनविक पूर्वी सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयाच्या मेट्रन होत्या. योगायोग असा की, डिकन्स यांनी बेट्सी प्रिगला नोकरीला ठेवले होते ते याच रुग्णालयात. १८८७ मध्ये फेनविक यांनी ब्रिटिश परिचारिकांची संघटना काढली, आणि नोंदणीचा कायदा १९१९ मध्ये झाला. मध्ये ३२ वर्षे गेली. नोंदपुस्तकात पहिला क्रमांक त्यांचाच लागला. त्यांच्या कल्पनेतील परिचारिका खानदानी कुळातली होती आणि गरीब घरच्या मुलींविषयी त्यांना फारशी आस्था नव्हती, हेही विसरता कामा नये. तरीही मिसेस हॅरिसची जागा छापील यादीने घेतली. या यादीच्या मुख्य विभागात पुरुषांना स्थान नव्हते. ते १९४९ मध्ये मिळाले.

मराठीत हा व्यवसाय आला तो आपल्या शब्दांसह आला नाही. शब्द येथे आधीपासून होते आणि ते जड होते. संस्कृत नाट्यसृष्टीतील परिचारिका ही अंतःपुरातील दासी. ‘शुश्रूषा’ हा शब्द ‘श्रु’ धातूच्या इच्छार्थक रूपापासून सिद्ध झाला आहे. त्याचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा. ऐकणे म्हणजे आज्ञा पाळणे आणि आज्ञा पाळणे म्हणजे सेवा, असा अर्थाचा प्रवास या एका शब्दात गोठलेला आहे. परंपरेत दुसरा धागाही होता. ‘चरकसंहिते’त वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी हे चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत. तेथे परिचारकाच्या गुणांत पहिला क्रमांक उपचारज्ञतेचा आहे. दक्षता, अनुराग आणि शौच त्यानंतर येतात. मराठीने नव्या व्यवसायासाठी नाव निवडताना चरकाचा परिचारक स्त्रीलिंगी केला खरा, पण सोबत अंतःपुरातील दासीचा अनुरागच पुढे आला, ज्ञान मागे राहिले.

नाइटिंगेल भारतात कधी आल्या नाहीत; तरी १८६५ मध्ये त्यांनी भारतीय रुग्णालयांतील परिचर्येची योजना लिहिली होती आणि पुढे पुण्याच्या सार्वजनिक सभेशी त्यांचा पत्रव्यवहारही होता. मुंबईत कामा रुग्णालय १८८६ मध्ये सुरू झाले. परिचर्येच्या भारतीय इतिहासग्रंथांत १८९१ या सालासमोर बाई काशीबाई गणपत हे पहिल्या भारतीय प्रशिक्षित परिचारिकेचे नाव येते आणि ग्रंथ पुढच्या सालाकडे वळतात. पुण्यात १९०९ मध्ये रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी सेवासदन स्थापन केले आणि ससून रुग्णालयाच्या सहकार्याने मुलींना, विशेषतः विधवांना, या कामाचे शिक्षण मिळू लागले. परपुरुषाच्या देहाला स्पर्श, रात्रपाळी, मलमूत्र आणि रक्त यांचा विटाळ : पांढरपेशा घराला यातले काहीच पचणारे नव्हते. अशा वेळी या मुलींचा जामीन कोण? रमाबाईंचे सोवळे वैधव्य, न्यायमूर्तींचे नाव, संस्थेच्या नावातला ‘सेवा’ हा शब्द. सेवासदनाचे कार्य थोर आहे आणि त्या काळात दुसरा मार्गही दिसत नाही. पण साक्ष येथेही शीलाचीच होती.

ही उणीव आकड्यांत दिसते. १९४६च्या भोर समितीच्या अहवालाप्रमाणे ब्रिटिश भारतात सुमारे ४३ हजार लोकांमागे एक परिचारिका होती. भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा १९४७चा, महाराष्ट्र परिचारिका अधिनियम १९६६चा; २०२३ मध्ये संसदेने परिषदेऐवजी राष्ट्रीय आयोगाची तरतूद करणारा कायदा संमत केला. नोंदणी झाली. भाषा मात्र आपल्या गतीने चालली. महाराष्ट्राच्या शासकीय पदनामांत स्टाफ नर्स ‘अधिपरिचारिका’, सिस्टर ‘परिसेविका’, मेट्रन ‘अधिसेविका’ आणि उपकेंद्रातील नर्सबाई ‘आरोग्यसेविका’ झाली. त्याच आवारातला डॉक्टर ‘वैद्यकीय अधिकारी’. उपसर्ग वाढवत नेले तरी बहुतेक पदनामांत धातू ‘सेव्’च राहतो.

लोकप्रिय कलेने याच अनुरागाला शोकान्त केले. असित सेन यांचा ‘दीप ज्वेले जाई’ हा १९५९चा बंगाली चित्रपट आणि त्यावरून त्यांनीच १९६९ मध्ये काढलेला हिंदी ‘खामोशी’ पाहावा. डॉक्टरांच्या आज्ञेने परिचारिका मनोरुग्णावर प्रेम करण्याचा अभिनय करते, रुग्ण बरा होतो, तिला मात्र अभिनय आणि प्रेम यांतली सीमा सापडेनाशी होते आणि शेवटी ती स्वतःच रुग्ण होऊन त्याच ठिकाणी दाखल होते. वहिदा रहमान यांचा अभिनय विसरण्याजोगा नाही. पण या कथेत परिचर्येचे तंत्र प्रेमाच्या रूपाखेरीज कल्पिताच येत नाही आणि प्रयोगाची आखणी करणारे ज्ञान डॉक्टरांकडेच राहते. मूळ शीर्षकात पुन्हा दिवा आहे.

अखेरीस एका प्रकरणाचा उल्लेख करावा लागतो. त्यात साक्षीचा प्रश्न न्यायालयातच उभा राहिला. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयाच्याच एका कर्मचाऱ्याने हल्ला केला. १८ मे २०१५ रोजी मृत्यू येईपर्यंत, म्हणजे जवळजवळ ४२ वर्षे, त्यांची परिचर्या त्या रुग्णालयातील परिचारिकांनी केली. पिंकी विराणी यांनी १९९८ मध्ये त्यांच्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिले आणि पुढे त्यांच्या वतीने सर्वोच्च न्यायालयात दयामरणाची याचिका केली. ७ मार्च २०११च्या निकालात न्यायालयाने ती फेटाळली. त्या बोलू शकत नसताना त्यांच्या वतीने कोणी बोलावे, या प्रश्नावर न्यायालयाने पुस्तकाच्या लेखिकेचा नव्हे, रुग्णालयातील कर्मचाऱ्यांचा अधिकार मान्य केला. निकालातील तत्त्वाविषयी मतभेद असू शकतात. विराणी यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु जिच्या वतीने आजवर इतरांनी साक्ष दिली, ती परिचारिका येथे दुसऱ्याच्या वतीने साक्ष देण्यास पात्र ठरली. आधार मात्र सांगितला गेला तो दीर्घ सेवेचा आणि जिव्हाळ्याचा.

न्यायालयासमोर आणखी एक माहिती आली होती : इतकी वर्षे अंथरुणाला खिळूनही अरुणा यांच्या अंगावर एकही शय्याव्रण नव्हता. नाइटिंगेल यांनी आपल्या परिचर्येवरील पुस्तकात अशा व्रणांचा दोष रोगापेक्षा परिचर्येच्या माथी मारला होता. ठरलेल्या तासांनी कूस बदलणे, दाब येणारी हाडांची ठिकाणे ओळखणे, कातडी कोरडी राखणे, गिळता येईल असे आणि पुरेसे पोषण देणे, आणि हे सारे एका पाळीने दुसऱ्या पाळीला सांगून सोपवणे : चार दशकांच्या या कामाला वृत्तपत्रांनी ममता म्हटले.