कान-नाक-घशाचे तज्ज्ञ कसे शोधावेत? : कात्रप परिसरातील कुटुंबांसाठी

घरातील आजी विचारलेल्या प्रश्नाला भलतेच उत्तर देऊ लागल्या की मुले हसतात, मोठी माणसे ‘वय झाले’ म्हणून सोडून देतात. हळूहळू आजी बोलणेच कमी करतात. कान गेल्याचे दुःख डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्याच्या उपचारास सर्वांत जास्त उशीर होतो. बदलापूर पूर्वेच्या कात्रप भागातील आमच्या वाचकांना योग्य तज्ज्ञांपर्यंत वेळेवर पोहोचता यावे, यासाठी ही माहिती आम्ही एकत्र देत आहोत.

तज्ज्ञ कोण?

एम.बी.बी.एस. नंतर या विषयात एम.एस., डी.एन.बी. किंवा डी.एल.ओ. ही पात्रता मिळविलेले डॉक्टर म्हणजे कान-नाक-घसा तज्ज्ञ. पाटीवरील पदवी व नोंदणी क्रमांक वाचावा. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे त्या नोंदणीची खातरजमा करता येते. श्रवणचाचणी करणारे ऑडिओलॉजिस्ट हे वेगळे व्यावसायिक असून त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. खासगी दवाखान्यांची नावे आम्ही मुद्दाम देत नाही. नावे बदलतात, पारखण्याची रीत तीच राहते.

साध्या सर्दी-खोकल्यासाठी आपले नेहमीचे डॉक्टर पुरेसे आहेत. गरज भासल्यास त्यांच्याकडूनच तज्ज्ञांच्या नावे चिठ्ठी घ्यावी.

केव्हा थांबू नये?

एका कानाने दोन-तीन दिवसांत अचानक ऐकू येईनासे झाले, तर तो मळ आहे असे गृहीत धरू नये. नस दुबळी झाली असल्यास पहिल्या काही दिवसांतील उपचाराचाच खरा उपयोग होतो. आवाज तीन आठवड्यांहून अधिक काळ घोगरा राहिला, गिळताना त्रास होऊ लागला किंवा मानेत गाठ आली, तर तपासणी करावीच. तंबाखू खाणाऱ्यांनी तर एक दिवसही दवडू नये. मुलाने घड्याळातील चपटा सेल नाकात, कानात घातला किंवा गिळला, तर दोन तासांतही आतील भाग भाजू शकतो. अशा वेळी, तसेच श्वास अडत असल्यास, ओ.पी.डी.ची वाट न पाहता रुग्णालयाचा तातडीचा विभाग गाठावा. रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांक आहे.

नाकातून रक्त आल्यास मान मागे टाकू नये. पुढे वाकून नाकाचा मऊ भाग दहा-पंधरा मिनिटे दाबून धरावा. कानात गरम तेल, लसणाचा रस किंवा काडी घालू नये.

कोठे जावे?

जवळचे मोठे सरकारी ठिकाण म्हणजे उल्हासनगर कॅम्प क्र. ३ मधील मध्यवर्ती रुग्णालय. पुढील उपचारांसाठी मध्य रेल्वेच्याच मार्गावर शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय, परळचे के.ई.एम. आणि भायखळ्याचे जे.जे. ही वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत. शीव येथे जलद गाडी थांबत नाही, म्हणून ठाणे किंवा कुर्ल्याला गाडी बदलावी. निघण्यापूर्वी ओ.पी.डी.चा वार व वेळ विचारून घ्यावी. बदलापूरहून निघालेल्या रुग्णाचा फुकट गेलेला फेरा म्हणजे एका दिवसाची मजुरी असते.

बहिरेपणा व वाचादोषासाठी वांद्रे रेक्लमेशन येथे १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. दादरला गाडी बदलून तेथे जाता येते. बाळाची श्रवणचाचणी पहिल्या महिन्यात, निदान तिसऱ्या महिन्यापर्यंत आणि उपचार सहाव्या महिन्यापर्यंत सुरू व्हावेत, असा सर्वमान्य दंडक आहे. ‘मूल उशिरा बोलेल’ या दिलाशात ही मोलाची वर्षे जातात.

खर्चाचा भार

शस्त्रक्रिया सांगितल्यास महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ती बसते का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारावे. पात्र कुटुंबांना श्रवणयंत्रासाठी केंद्राच्या ‘एडिप’ योजनेतून साहाय्य मिळते. ऑडिओमेट्री केल्याशिवाय दुकानातून परस्पर यंत्र घेऊ नये. न जुळणारे यंत्र अखेर कपाटात पडून राहते. कारखान्यात काम करणाऱ्यांनी राज्य कामगार विम्याचे कार्ड असल्यास आपल्या विमा दवाखान्यातून चिठ्ठी घ्यावी. ८५ डेसिबलहून मोठ्या आवाजात रोज आठ तास उभे राहणाऱ्यांनी कानांना संरक्षक लावावेत व दरवर्षी चाचणी करावी.

जाताना जुने कागद, चालू औषधांची यादी आणि त्रास केव्हा सुरू झाला याची टाचण न्यावी. ऐकू कमी येणाऱ्यांसोबत घरातील एकाने जावेच, कारण डॉक्टरांचे सांगणे त्यांच्याच कानी पडायचे राहून जाते.

दरवर्षी ३ फेब्रुवारीला संत ब्लेझ यांच्या सणाला आपण घशासाठी आशीर्वाद घेतो. घशात माशाचा काटा अडकलेल्या मुलाला त्यांनी वाचविले, अशी परंपरा आहे. तो आशीर्वाद श्रद्धेने घ्यावा. आणि काटा अडकलाच, तर भाताचे गोळे गिळत न बसता त्याच श्रद्धेने डॉक्टरांकडे जावे.