इंग्रजीचा वर्ग आणि हवामानबदल : सातारा-सांगलीच्या संदर्भात

महाविद्यालयीन अभ्यासक्रमात पर्यावरण हा विषय सक्तीचा झाला तो न्यायालयाच्या आदेशाने. एम. सी. मेहता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये त्याविषयी निर्देश दिले. २००३ च्या आदेशानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाचा सहामाही अभ्यासक्रम पदवी वर्गांत आला. परिणामी हा विषय एका स्वतंत्र प्रश्नपत्रिकेत बंदिस्त झाला आणि भाषेच्या अध्यापकांनी तो आपला मानला नाही.

वस्तुतः येथील विद्यार्थ्याला तो परका नाही. २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेने ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५७ फूट गाठले. जत, आटपाडी, माण, खटाव हे तालुके मात्र अवर्षणप्रवण आहेत. पूर पाहिलेला आणि टँकरची वाट पाहिलेला विद्यार्थी एकाच बाकावर बसू शकतो.

इंग्रजीचे कार्य येथेच सुरू होते. 'वेदर' आणि 'क्लायमेट' या दोहोंना आपण व्यवहारात 'हवामान' असेच म्हणतो. पहिला शब्द दिवसाचा, दुसरा साधारणतः तीस वर्षांच्या सरासरीचा. हा भेद न कळल्यास विद्यार्थी एका पुरालाच हवामानबदल समजतो किंवा एका थंड हिवाळ्यावरून तो नाकारतो. तो भेद शिकविणे हे भाषाशिक्षकाचेच दायित्व होय.