ओव्हरक्लॉकिंगमधील प्रोसेसरची सुरक्षित तापमानमर्यादा

संगणकाचा प्रोसेसर उत्पादकाने निश्चित केलेल्या वारंवारतेपेक्षा अधिक वारंवारतेवर चालवणे, यास '''ओव्हरक्लॉकिंग''' म्हणतात. अशा स्थितीत प्रोसेसर ज्या तापमानापर्यंत बिनचूक व दीर्घकाळ काम करू शकतो, ती त्याची '''सुरक्षित तापमानमर्यादा''' होय. ही मर्यादा प्रत्येक प्रोसेसरगणिक बदलते. केवळ तापमानाच्या आकड्यावरून सुरक्षितता ठरत नाही. विद्युतदाब, कामाचा भार आणि भोवतालची हवा यांचाही विचार करावा लागतो.

== उष्णता वाढण्याची कारणे ==
प्रोसेसरमधील ट्रान्झिस्टर सतत चालू-बंद होत असतात. त्यासाठी खर्च होणारी शक्ती वारंवारतेच्या प्रमाणात, तर विद्युतदाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वारंवारता १० टक्के वाढवली आणि ती स्थिर राहावी म्हणून विद्युतदाबही १० टक्के वाढवला, तर ही शक्ती सुमारे ३३ टक्क्यांनी वाढते. ही सर्व शक्ती अखेर उष्णतेत रूपांतरित होते. शिवाय तापमान वाढले की ट्रान्झिस्टरमधून होणारी विद्युतप्रवाहाची गळती वाढते आणि तिच्यामुळे उष्णतेत आणखी भर पडते.

== उत्पादकांनी दिलेल्या मर्यादा ==
काही डेस्कटॉप प्रोसेसरांची उत्पादकाने जाहीर केलेली कमाल तापमाने पुढीलप्रमाणे आहेत :

* एएमडी एफएक्स-८३५० (२०१२) : ६१ °से.
* इंटेल कोअर आय९-९९००के (२०१८) : १०० °से.
* एएमडी रायझन ९ ५९५०एक्स (२०२०) : ९० °से.
* इंटेल कोअर आय९-१३९००के (२०२२) : १०० °से.
* एएमडी रायझन ९ ७९५०एक्स (२०२२) : ९५ °से.
* एएमडी रायझन ७ ७८००एक्स३डी (२०२३) : ८९ °से.

हे आकडे वाचताना तापमान कोठे मोजले आहे, हे पाहणे आवश्यक असते. कोअर आय७-२६००के या जुन्या प्रोसेसरसाठी इंटेलने दिलेली ७२.६ °से. ही मर्यादा वरच्या धातूच्या झाकणाची आहे. आतील सिलिकॉनचे तापमान त्याहून बरेच अधिक असते. म्हणून या दोन प्रकारच्या आकड्यांची परस्परांशी तुलना करता येत नाही.

रायझन ७००० मालिकेतील काही प्रोसेसर मूळ मांडणीतही पूर्ण भाराखाली ९५ °से. गाठतात व ते अपेक्षितच आहे, असे एएमडीने स्पष्ट केले आहे. तेथे प्रोसेसर स्वतःच विद्युतदाब व वारंवारता क्षणोक्षणी जुळवून घेत असतो. वापरकर्त्याने विद्युतदाब हाताने स्थिर केला, की ही स्वयंचलित जुळवणी तशीच राहत नाही आणि उत्पादकाचे आश्वासनही लागू होत नाही.

== संरक्षणयंत्रणा ==
मर्यादा गाठताच आधुनिक प्रोसेसर आपला वेग आपोआप कमी करतो; तरीही तापमान वाढत राहिल्यास संगणक बंद होतो. टॉम्स हार्डवेअर या संकेतस्थळाने २००१ मध्ये चालू प्रोसेसरवरील हीटसिंक काढून चाचणी घेतली. तीत पेंटियम ४ मंदावला, पण सुरू राहिला. एएमडीचे अ‍ॅथलॉन प्रोसेसर मात्र जळाले. आज असा तात्काळ नाश सहसा होत नाही. हानी होते ती हळूहळू.

== दीर्घकालीन हानी ==
विद्युतप्रवाहाच्या रेट्याने प्रोसेसरमधील सूक्ष्म धातुवाहिन्यांचे अणू जागचे सरकतात. यास इलेक्ट्रोमायग्रेशन म्हणतात. जेम्स ब्लॅक यांनी १९६० च्या दशकात मांडलेल्या समीकरणानुसार प्रवाहाची घनता व तापमान वाढल्यास वाहिनीचे आयुष्य घटते. अशा झिजेमुळे पूर्वी स्थिर असलेल्या वारंवारतेवर प्रोसेसर कालांतराने चुका करू लागतो. संगणक अकस्मात बंद पडणे हे तिचे दिसणारे लक्षण आहे. गणितातील चूक लक्षात न येता फाइलमध्ये साठवली जाणे अधिक घातक ठरते.

कमाल तापमानाच्या आत राहूनही हानी संभवते. इंटेलच्या १३व्या व १४व्या पिढीतील काही डेस्कटॉप प्रोसेसर मूळ मांडणीतच अस्थिर होऊ लागले. त्यामागे प्रमाणाबाहेरचा विद्युतदाब असल्याचे कंपनीने २०२४ मध्ये मान्य केले. सुधारित मायक्रोकोडने पुढील हानी रोखता येते, झालेली भरून निघत नाही.

== मापन ==
तापमान पाहण्यासाठी एचडब्ल्यूइन्फो, कोअर टेम्प यांसारख्या आज्ञावली वापरतात. रायझन ७ १८००एक्स या प्रोसेसरचा संवेदक पंखा-नियंत्रणासाठी प्रत्यक्षापेक्षा २० °से. अधिक आकडा दाखवत असे. म्हणून संबंधित प्रोसेसरची माहिती पाहूनच आकड्याचा अर्थ लावावा लागतो. प्राइम९५ सारख्या चाचण्या नेहमीच्या कामापेक्षा पुष्कळ अधिक उष्णता निर्माण करतात. १०० °से. मर्यादेच्या प्रोसेसरचे तापमान दीर्घ चाचणीत ८० ते ८५ °से.च्या आत ठेवावे, असा संकेत ओव्हरक्लॉकिंग करणाऱ्यांमध्ये रूढ आहे. ते अधिकृत मानक नाही.

== भोवतालचे तापमान ==
हवेने किंवा पाण्याने थंड करण्याच्या नेहमीच्या साधनांनी प्रोसेसर खोलीपेक्षा थंड होत नाही. भार व पंख्याची गती तीच असेल, तर खोलीच्या व प्रोसेसरच्या तापमानांतील फरक जवळपास स्थिर राहतो. २२ °से.च्या खोलीत ७५ °से. दाखवणारा प्रोसेसर ४० °से.च्या खोलीत ९३ °से.च्या आसपास जातो. विदर्भात उन्हाळ्यात बाहेरील पारा ४५ °से.च्या वर जातो. त्यामुळे हिवाळ्यात यशस्वी ठरलेली मांडणी उन्हाळ्यात पुन्हा तपासावी लागते. हीटसिंकवर साचलेली धूळ आणि सुकलेली थर्मल पेस्ट यांमुळेही हा फरक वाढतो.