सिव्हिल लाइन्सच्या वेशीवर

१ मे १९२३. नागपूरचं ऊन मी म्हणतंय आणि तुमच्या हातात चरख्याचा झेंडा आहे. पुढे सिव्हिल लाइन्स: साहेबांचे बंगले, कचेऱ्या. तिकडे झेंड्याची मिरवणूक न्यायची नाही, असा १४४ कलमाखाली हुकूम निघालाय. ‘झेंडा ठेव अन् जा खुशाल,’ शिपाई सांगतो. तुम्ही ठेवत नाही, म्हणून तुरुंगात जाता. मागून हजाराहून अधिक जण येतात. या सत्याग्रहाचे पुढारी जमनालाल बजाज यांच्या दंडापोटी त्यांची मोटार जप्त होते, तर तिला नागपुरात गिऱ्हाईकच मिळत नाही. (एवढं एकमत या शहरात पुन्हा कधी झालं असेल, याची मला शंकाच आहे.) पुढे वल्लभभाई पटेल सूत्रं हाती घेतात आणि १८ ऑगस्टला मिरवणूक झेंड्यांसह त्याच सिव्हिल लाइन्समधून जाते. कुणाच्या बंगल्याची काचही फुटत नाही.

आता ७१ वर्षं पुढे या. २३ नोव्हेंबर १९९४. तुम्ही गोवारी, गुरं राखणारे. फडक्यात भाकर बांधून मोर्चाला आलाय. अनुसूचित जमातीच्या सवलती मागायच्यात. हिवाळी अधिवेशन सुरू आहे आणि विधानभवनही सिव्हिल लाइन्समध्येच. मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटजवळ मोर्चा अडवलेला. ‘साहेब येऊन राह्यले म्हन्ते,’ शेजारची म्हातारी सांगते. निवेदन घ्यायला कुणीच येत नाही. गर्दी हलते, लाठ्या उठतात. तुम्ही मागे वळता, पण मागेही माणसंच. कुणाचं तरी कोपर बरगडीत रुततं, पायाखाली चप्पल येते, मग काहीतरी मऊ. हात सुटलेल्या पोराला हाक मारायची, तर छातीत हवाच उरलेली नसते.

११४ मेले, बहुतेक बायका आणि मुलं. चौकशीला दाणी आयोग बसला. जबाबदार कुणीच ठरलं नाही. शहरातल्या एका उड्डाणपुलाला मात्र गोवारी शहिदांचं नाव मिळालं.

१८ डिसेंबर २०२४. विधानभवन तेच, तुम्ही या खेपेला प्रेक्षक गॅलरीत. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक मांडतात. जुलैत मुंबईतलं अधिवेशन संपता संपता आणलेलं हे विधेयक तेव्हा तसंच राहिलं होतं. आता ते संयुक्त समितीकडे जातं, चंद्रशेखर बावनकुळे अध्यक्ष. १२ हजारांवर सूचना-हरकती येतात. त्यामुळे वेळ दिला नाही, असं म्हणता येत नाही. माझी तक्रार शब्दांबद्दल आहे. मसुदा उघडा. बेकायदेशीर कृत्यात बोललेले शब्द येतात, लिहिलेले येतात, खुणाही येतात. सुव्यवस्थेत अडथळा आणण्याकडे नुसता कल असला तरी पुरे. शिक्षा सात वर्षांपर्यंत. संघटना बेकायदेशीर ठरवायची सरकारनं, सल्लागार मंडळ ते तपासणार नंतर. तुमचा १९२३ चा झेंडा ही खूणच होती की!

शहरी नक्षलवाद रोखायचाय, आंदोलकांना धक्का लागणार नाही, अशी सरकारची ग्वाही. गडचिरोली फार लांब नसल्यानं नक्षलवादाची भीती नागपूरकराला खोटी वाटत नाही. पण त्यासाठी केंद्राचा यूएपीए कायदा होताच. आणि ग्वाही सभागृहात दिलेली असते. टी-पॉइंटवरच्या फौजदाराच्या हाती पडतो तो कायद्याचा कागद.

समितीनं ‘व्यक्ती आणि संघटना’ काढून कडव्या डाव्या किंवा तत्सम संघटना असा बदल सुचवला. ‘तत्सम’मध्ये कोण बसतं, ते सरकारनंच ठरवायचं.

१० जुलै २०२५ ला मुंबईत विधानसभेनं आवाजी मतदानानं विधेयक मंजूर केलं. ठाम विरोध नोंदवला तो एकट्या आमदारानं, डहाणूच्या माकपच्या विनोद निकोले यांनी. बाकीचे विरोधक नंतर राज्यपालांकडे गेले, सही करू नका म्हणायला.