तेवीस मिनिटांचं भूत

मंडळी, पायथॉनमध्ये तारखांशी झटापट केलेल्या प्रत्येकाला हे भूत एकदा तरी भेटतं. पायटीझेडमधला 'एशिया/कोलकाता' टाइमझोन थेट डेटटाइमला चिकटवला, की आपली वेळ ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे असायच्या ऐवजी 5 तास 53 मिनिटं पुढे दिसते. 23 मिनिटं फुकटची! उपाय सोपा आहे: चिकटवू नका, लोकलाइझ फंक्शन वापरा. किंवा सरळ झोनइन्फो वापरा, 2020 च्या पायथॉन 3.9 पासून ते सोबतच येतं.

पण ही 23 मिनिटं आली कुठून?

लिनक्सवर 'झेडडंप -व्ही एशिया/कोलकाता' ही कमांड देऊन बघा. पडद्यावर उतरतो तो आपल्या घड्याळांचा इतिहास. सुरुवातीला 5:53, म्हणजे कलकत्त्याच्या सूर्याची वेळ. 1870 पासून 5:21, हा मद्रास टाइम. 1 जानेवारी 1906 पासून 5:30. मग महायुद्धात दोनदा घड्याळ तासभर पुढे गेलं, ते 15 ऑक्टोबर 1945 ला कायमचं मागे आलं. पायटीझेड थेट चिकटवलं की त्याला तारखेशी देणंघेणं नसतं, ते बिचारं पहिलीच नोंद उचलतं. म्हणजे हा बग नसून एकोणिसाव्या शतकातलं कलकत्ता आहे!

आता यात आपलं कल्याण कुठे? कुठेच नाही. रेखांशाचा हिशेब केला तर कल्याणच्या सूर्याची वेळ येते साधारण 4:52. जीआयपी रेल्वे इथे पोचली 1 मे 1854 ला. पुढे इथूनच एक फाटा कसाऱ्याकडे आणि दुसरा कर्जत-पुण्याकडे गेला. मद्रासची वेळ मुंबई आणि कलकत्ता यांच्या अधेमधे पडते, म्हणून रेल्वेने वेळापत्रकासाठी तीच धरली. म्हणजे गाडीची वेळ गावातल्या सूर्यापेक्षा जवळजवळ अर्धा तास पुढे. गाडी चुकायला एवढं पुरे, नाही का?

मुंबई तर त्याहून हट्टी. तिचा स्वतःचा मुंबई टाइम होता, 4:51. 1906 मध्ये स्टँडर्ड टाइम आला, तरी शहरातली बरीच घड्याळं जुन्याच वेळेवर चालत राहिली, ती थेट 1950 च्या दशकापर्यंत. फरक 39 मिनिटांचा. कल्याणहून निघालेला माणूस रेल्वेच्या घड्याळात 10 वाजता व्हीटीला उतरला, तर मुंबई टाइमच्या घड्याळात 9:21 झालेले असायचे. लेटमार्क टाळायची याहून छान सोय मला तरी माहीत नाही.

टाइमझोनच्या डेटाबेसमध्ये मात्र मुंबईची वेगळी नोंद नाही. नियमच असा आहे, की 1970 नंतर घड्याळं वेगळी चालली असतील तरच वेगळा झोन. कोडच्या दृष्टीने हे बरोबरच आहे, पण जुनी कागदपत्रं संगणकावर चढवताना गोची होते. समजा आजोबा 1930 साली मुंबईत जन्मले आणि वहीत लिहिलंय 'सकाळी 8:10'. कुठल्या घड्याळाने? मुंबई टाइम असेल तर स्टँडर्ड टाइमने 8:49 झाले. लग्नरास दोनेक तासांत बदलते, तेव्हा पत्रिकेच्या सॉफ्टवेअरने दुसऱ्याच माणसाची कुंडली काढली असं होऊ शकतं. (पत्रिकेवर विश्वास नसेल तर सोडा. तीच गत जुन्या हजेरीपटांची.) 1943 चा जन्म असेल आणि वहीतली वेळ सरकारी घड्याळाची असेल, तर चिंता नाही. युद्धातला तो जादा तास डेटाबेसला ठाऊक आहे.

म्हणून अशा नोंदींसाठी माझी पद्धत: सर्व्हर आणि लॉग यूटीसीवरच ठेवायचे (क्रॉनमध्ये आपली मध्यरात्र म्हणजे 18:30, हे तेवढं लक्षात ठेवा), पण 1955 च्या आधीची मुंबई परिसरातली वेळ परस्पर यूटीसीत बदलायची नाही. टेबलात तीन कॉलम करायचे. कागदावर आहे तशी वेळ, साध्या मजकुरात. घड्याळ कुठलं: मुंबई, मद्रास, स्टँडर्ड की 'माहीत नाही'. आणि रूपांतर केलेली वेळ, जी घड्याळ 'माहीत नाही' असेल तेव्हा रिकामी राहते. शून्य भरू नका, रिकामीच ठेवा.