फवारणीपूर्वी पाहा किडीचे पंख, तोंड आणि पाय

बीड : गेवराई, माजलगाव, वडवणी या तालुक्यांत कापूस हे खरिपाचे महत्त्वाचे पीक आहे. पानावर किडा दिसताच पाठीवर पंप घेतला जातो. मात्र तो किडा कोणत्या गणातील, हे न पाहता केलेल्या फवारणीने खर्च वाया जातो आणि मित्रकीटकही मरतात. ही ओळख साध्या भिंगाने पटू शकते.

कीटकाच्या शरीराचे डोके, वक्ष व उदर असे तीन भाग असतात आणि पायांच्या तीन जोड्या असतात. कपाशीवरील लाल कोळ्याला आठ पाय असतात. तो कीटक नव्हे, म्हणूनच अनेक कीटकनाशके त्याच्यावर निष्प्रभ ठरतात.

खवलेपंखी गण : पतंगाच्या पंखावर बोट फिरवल्यास भुकटीसारखे खवले हाताला लागतात. अळीला तीन जोड्या खऱ्या पायांखेरीज पोटाखाली मांसल पायांच्या जास्तीत जास्त पाच जोड्या असतात. गुलाबी बोंडअळी याच गणातील गेलेचिडी कुलातील असून, न उमललेली 'डोमकळी' ही तिच्या प्रादुर्भावाची खूण होय. मक्यावरील लष्करी अळी नॉक्टुइडी कुलातील आहे. तिच्या डोक्यावर इंग्रजी उलट्या 'वाय'ची खूण, तर शेपटीजवळ चौकोनात चार काळे ठिपके दिसतात.

अर्धपंखी गण : यांचे तोंड सुईसारखे असते व ते रस शोषतात. माव्याच्या पाठीमागे दोन नळ्या असतात. तुडतुडे तिरपे चालतात. पांढरी माशी नावाने माशी असली तरी तिला चार पंख असतात. खऱ्या माशीला दोनच.

ढालपंखी गण : पुढील पंख कडक कवचासारखे असतात. उसाच्या मुळ्या कुरतडणारी इंग्रजी 'सी' आकाराची हुमणी ही भुंगेऱ्याची अळी होय. मावा फस्त करणारा ठिपकेदार ढालकिडाही याच गणातील. त्याची अळी सुसरीसारखी, काळसर व खरबरीत दिसते. ती कीड समजून अनेकदा मारली जाते.

जालपंखी गण : जाळीदार, पारदर्शक पंखांचा हिरवा क्रायसोपा. त्याची अंडी केसासारख्या देठावर उभी असतात. त्याची अळी मावा खाते.

ओळखीचे महत्त्व बीटी कापसाने दाखवून दिले. २००२ मध्ये भारतात मान्यता मिळालेल्या या कापसातील प्रथिन खवलेपंखी अळ्यांवर परिणाम करते, रसशोषक किडींवर नाही. त्यामुळे मावा, तुडतुड्यांचा बंदोबस्त वेगळाच करावा लागतो. पुढे गुलाबी बोंडअळी दोन जनुकांच्या बीटी वाणांनाही दाद देईनाशी झाली आणि २०१७ च्या खरिपात मराठवाडा व विदर्भात कापसाचे मोठे नुकसान झाले.

ओळख पटत नसल्यास किडीचा नमुना बाटलीत घेऊन गेवराई तालुक्यातील खामगाव किंवा अंबाजोगाई तालुक्यातील दिघोळअंबा येथील कृषी विज्ञान केंद्रात दाखवावा. औषधाची निवड त्यानंतरच करावी.