गाठीचं साल

मांडवीच्या गल्लीत पाऊल टाकण्याआधी खाली बघा. जिन्याच्या पायरीवर, धान्याच्या पोत्यांच्या कडेला, मोरीच्या तोंडाशी मेलेले उंदीर पडलेत. मुंबई, ऑक्टोबर १८९६. महिन्याभरापूर्वी याच वस्तीत डॉ. अकासियो व्हिएगास यांनी रोगी तपासले आणि हा प्लेग आहे असं निदान केलं. लोक त्याला गाठीचा ताप म्हणतात. आधी हुडहुडी भरते, मग डोळे लाल होतात, जीभ जड होऊन माणूस दारू प्यायल्यासारखा बोलू लागतो, आणि जांघेत किंवा काखेत गाठ वर येते.

तुम्हाला एक गोष्ट ठाऊक आहे, जी इथं कोणालाच ठाऊक नाही. उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या पिसवा माणसाकडे येतात आणि रोग घेऊन येतात. येर्सिन यांनी या रोगाचा जंतू १८९४ साली हाँगकाँगमध्ये शोधला, पण पिसवेचा दुवा पॉल-लुई सिमाँ यांना सापडणार आहे १८९८ मध्ये, कराचीत. तुम्ही दीड-दोन वर्षं आधी आलात. सांगून बघा एखाद्या दुकानदाराला. तो पोत्यावरची धूळ झटकत म्हणेल, "पिसवा काय आजच्या आहेत होय?" आणि त्याच्यापुढं मांडायला तुमच्याकडे काही नसेल. खिशात गोळ्याही नाहीत. या रोगावरचं खात्रीचं औषध यायला अजून काही दशकं आहेत. म्हणजे तुमच्याजवळ राहिले दोन हात. ते हात कोणी घरात येऊ देईल का, एवढाच या सालातला प्रश्न आहे.

तो किती अवघड आहे ते आर्थर रोडवर कळतं. रोगी सापडला की त्याला इथल्या नगरपालिकेच्या इस्पितळात हलवतात. आत गेलेला परत येत नाही, असं चाळीचाळीत बोललं जातं. आत माणसं मारतात, असंही बोललं जातं. ऑक्टोबरच्या अखेरीस गिरणी कामगारांचा जमाव या इस्पितळावर चालून जातो. त्यांना अडाणी म्हणून मोकळं होऊ नका. नीट बघा काय चाललंय. भीतीपोटी रोगी लपवला जातो, अगदी हाताबाहेर गेल्यावर बाहेर काढला जातो, आणि मग तो इस्पितळात दगावतो. तो दगावला की शेजारच्या खोलीतला रोगी आणखी लपवला जातो. या चक्रात डॉक्टर खोटं बोलत नाही आणि चाळकरीही खोटं बोलत नाही. तरी माणसं मरतात.

चार महिने पुढं या. शहर निम्मं ओस पडलंय, बोरीबंदरला गाड्यांवर माणसं लटकताहेत. भायखळ्याला वाल्डेमार हाफकिन यांनी १० जानेवारीला आपली लस आधी स्वतःला टोचून घेतली, आणि नंतर भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांपैकी जे पुढं आले त्यांना दिली. पण लोकांचा विश्वास बसायला ती अजून फार नवी आहे. याच दिवसांत पारशी, जैन, भाटिया, मुसलमान असा एकेक समाज आपापलं प्लेगचं इस्पितळ काढतोय. रोग तोच, खाटा तशाच. फरक एवढाच की दारात उभा असलेला माणूस ओळखीचा आहे आणि स्वयंपाक कोण करतं हे घरच्यांना माहीत आहे. या दोन गोष्टींनी रोगी वेळेत येऊ लागतो. कामकरी मराठ्यांसाठी हे काम अंगावर घेतात नारायण मेघाजी लोखंडे. गिरणी कामगारांची संघटना उभी करणारे आणि त्यांना रविवारची सुट्टी मिळवून देणारे लोखंडे कामगारांच्या वस्त्यांत हिंडतात आणि मराठा हॉस्पिटलच्या खटपटीला लागतात. ९ फेब्रुवारी १८९७ ला प्लेग त्यांनाच गाठतो. मुंबईत तुम्ही फक्त त्याच एका दिवशी थांबलात तरी चालेल. चाळींत उठलेली हळहळ ऐका.

आता पुणं. मार्चचा उत्तरार्ध, शिमगा नुकताच होऊन गेलाय. साथीच्या रोगांचा कायदा ४ फेब्रुवारीला झाला, त्याच्या बळावर वॉल्टर चार्ल्स रँड यांची प्लेग समिती बसली, आणि १३ मार्चपासून गोरे शिपाई घरोघर झडती घेताहेत. तुम्ही शुक्रवार पेठेतल्या एका वाड्याच्या चौकात आहात. बाहेर बुटांचा आवाज येतो आणि घरातली बाई सासऱ्यांना माळ्यावर चढवू लागते. ताप फणफणलेला म्हातारा शिडीच्या तिसऱ्या पायरीवर थांबतो, पाय उचलत नाही. तुम्ही खालून त्यांचे पाय एकेक करून वरच्या पायरीवर ठेवता. ठेवताना तुम्हाला कळतंय की हे चूक आहे, माळ्यावर वारा नाही, पाणी नाही, आणि उंदीर तिथंच आहेत. तरी ठेवता. मग शिपाई आत येतात. त्यांच्याबरोबर शहरातले एक गृहस्थही असतात, त्यांची मान खाली. भांडी चौकात येतात, अंथरुणं येतात, देव्हाऱ्यापर्यंत बूट जातात. बायकांना बाहेर उभं करतात. ज्याला ताप आहे त्याला एकीकडे नेतात, घरच्यांना दुसरीकडे, छावणीत. सामान जाळतात, भिंतींना चुना मारतात.

रोगी वेगळा ठेवणं, घर रिकामं करणं, यात वैद्यकाच्या दृष्टीनं काही खोटं नव्हतं, हे मी मुद्दाम सांगतो. गाव सोडून शेतात खोपटं घालणारे शेतकरी आपणहून तेच करत होते, आणि त्यानं माणसं वाचत होती. पण तेच काम संगिनीनं करायला गेलं की माळे भरतात. जूनच्या २२ तारखेला गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधू रँडवर गोळ्या झाडतील, तेव्हा सरकारला कट दिसेल. या चौकात उभं राहिलेल्या माणसाला मात्र संताप आधीच दिसला होता. टिळकांनी पुण्यात हिंदूंसाठी स्वतंत्र प्लेग इस्पितळ काढलं ते याच कळीच्या जागी बोट ठेवून. माणूस आपल्या माणसाकडे जातो.

पण आपला माणूस म्हणजे कोण? ज्या समाजात पैसा आहे, पुढारी आहेत, तो इस्पितळ काढेल. गावकुसाबाहेरच्या घरात ताप आला तर ते घर कोणाच्या दारात जाईल? मला या सालातली सगळ्यात मोठी गोष्ट इथं दिसते, आणि ती बघायला तीन आठवडे मागं जावं लागेल.

हडपसर. मार्चचे पहिले दिवस. ससाण्यांचा माळ. पुण्याच्या पेठांपासून दूर, मोकळा वारा, आणि या वाऱ्यावर उभं केलेलं उपचार केंद्र. ससाणे म्हणजे यशवंतरावांची सासुरवाडी. यशवंतराव सैन्यात डॉक्टर आहेत, आईच्या शब्दावर रजा काढून आलेत. आई म्हणजे सावित्रीबाई फुले. पती जोतीरावांना जाऊन सहा वर्षं होऊन गेली, बाईंचं वय ६६. त्यांच्या सत्यशोधक समाजातल्या मंडळींना हे काम नवीन नाही. १८७६-७७ च्या दुष्काळात त्यांनी अन्नछत्रं चालवली होती. धान्य कोणाकडे मागायचं आणि पंगतीला बसायला कोण लाजतं, याचा अनुभव त्यांच्या गाठीशी आहे.

इथं तुम्हाला कोणी ओवाळायला थांबलेलं नाही. पदर खोचलेली एक कार्यकर्ती तुमच्या हातात चमचा आणि वाटी देते. "त्या कडेच्याला पाणी पाजा. चमच्यानं. घटाघटा देऊ नका, ओकतो. आणि उठून पळायला लागला तर एकट्यानं धरू नका, हाक मारा." रोगी पंचविशीचा आहे, काखेत लिंबाएवढी गाठ, हात अंगापासून लांब धरून पडलाय, कारण खाली टेकवला की कळ येते. तुम्ही चमचा ओठांना लावता. पहिला सांडतो. दुसरा आत जातो. तिसऱ्याच्या वेळी तो तुमचं मनगट धरतो आणि सोडत नाही. डाव्या हातानं पाजायला शिका. मग पेज, मग कपाळावर ओलं फडकं, मग गाठीवर जवसाचं पोटीस, मग पुन्हा पाणी. बहुतेक सगळं उपचारशास्त्र एवढंच आहे आज. त्यानं सगळे वाचत नाहीत. पण पाण्यावाचून, शुश्रूषेवाचून जे गेले असते त्यातले काही राहतात.

पिसवांचं तुमचं ज्ञान इथं कामाला येतं, कारण इथं ते समजावून सांगावं लागत नाही. तुम्ही म्हणता, अंथरुणं रोज उन्हात टाकू या, मेलेला उंदीर चिमट्यानं उचलून घासलेट ओतून जाळू या. कारण कोणी विचारत नाही. दोन दिवस तुम्ही त्यांच्याबरोबर घाण उपसलेली असते, त्यामुळं तुमचं ऐकतात. मांडवीतल्या दुकानदाराला तुम्ही आधी शहाणपण दिलं होतं.

रोगी इथं येतात कसे? बरेचसे येत नाहीत, आणावे लागतात. बाई स्वतः वस्त्यांत जातात. एका सकाळी तुम्ही सोबत निघता. मुंढवा इथून लांब नाही, ज्वारीची काढणी झालेल्या रानातून वाट जाते. गावाबाहेर महारवाडा. दारातली म्हातारी तुम्हाला बघून विचारते, "कोणाकडचे?" तुम्ही म्हणता, बाईंकडचे. ती बाजूला सरते. शुक्रवार पेठेत शिपायांना दार फोडावं लागणार आहे. इथं एका नावावर दार उघडतं, कारण या बाईनं जवळपास पन्नास वर्षांपूर्वी याच जातींतल्या मुलांना शाळेत बसवलं, आणि पुढं आपल्या घरचा हौद त्यांना खुला करून दिला. ती पुण्याई साथीच्या आठवड्यात जमवता येत नाही.

गायकवाडांच्या घरातला मुलगा तापलाय. गाडी नाही. बाई त्याला पाठीवर घेतात आणि चालू लागतात. तुम्ही मागून चाललाय. त्याचं डोकं त्यांच्या मानेवर टेकलंय, अंगावर घरातलीच वाकळ. त्या वाकळीत काय असू शकतं हे तुम्हाला माहीत आहे. पुढं होऊन सांगावं, मुलाला स्वतःच्या पाठीवर घ्यावं, असं वाटतं. घडून गेलेल्या या गोष्टीत तुमचा हात पोचत नाही, हे खरं. पण सांगता आलं असतं तरी त्या थांबल्या असत्या असं मला वाटत नाही. मुलगा घरी राहिला असता तर काय झालं असतं, हे त्यांनाही दिसत होतं.

१० मार्चला रात्री नऊच्या सुमारास सावित्रीबाई जातात. प्लेगनंच. पुढं १९०५ मध्ये, पुन्हा प्लेगच्याच रोग्यांना औषधपाणी करताना, यशवंतरावही जाणार आहेत. रडायला तुम्हाला एक रात्र आहे, रडून घ्या. माळावरच्या मंडळींनीही तेवढंच केलं असावं, कारण अकरा तारखेला सकाळी खाटांवरची माणसं तशीच तहानलेली आहेत, पेज शिजायची आहे, रात्रीत एकाची गाठ फुटलीय, आणि झडत्या सुरू व्हायला दोनच दिवस उरलेत. म्हणजे आता लपवलेले रोगी आणखी उशिरा मिळणार. कामं वाटून घ्या. पाण्याचं तुम्हीच बघा, तुमचा हात बसलाय. अंथरुणं उन्हात टाकायला दोघं लागतील. वस्त्यांत कोण जाणार हे आता ठरवावं लागेल, आणि जो जाईल त्यानं चार दिवस नुसतं बसून, विचारपूस करून यायचं, पहिल्याच दिवशी रोगी मागायचा नाही.

ऊन चढेपर्यंत बांधाशी एक बैलगाडी येऊन उभी राहते. आत कांबळ्याखाली बाईमाणूस आहे. गाडीवान खाली उतरत नाही. कासरा हातातच ठेवून लांबून विचारतो, "मांजरीहून आणलीय. आमची कोणाची ओळख नाही इथं. घेतील का?"

"घेतात. आधी सावलीत आणा. कधीपासून ताप आहे?"